मुलांची हाडे, ड जीवनसत्त्व आणि फ्रॅक्चर : नाशिकच्या पालकांसाठी सविस्तर मार्गदर्शक

मुलाचा हात मोडला की आजकाल प्लॅस्टर वाळण्याच्या आत ड जीवनसत्त्वाची चर्चा सुरू होते. शेजारी, नातेवाईक, औषधाच्या दुकानातला मुलगा, सगळ्यांचे मत एकच असते : ‘व्हिटॅमिन डी कमी असणार, साठ हजारांची पुडी सुरू करा.’ तपासणी केली की प्रमाण बहुतेक वेळा कमीच निघते आणि हाड त्यामुळेच मोडले, असे समजून घर निश्चिंत होते. हा निष्कर्ष घाईचा आहे. कमतरता असेल तर ती भरून काढलीच पाहिजे. परंतु कमतरता आणि फ्रॅक्चर एकाच मुलात सापडले म्हणजे एकामुळे दुसरे झाले, असे सिद्ध होत नाही. या लेखात पालकांनी कोणत्या क्रमाने काय पाहावे, काय विचारावे, काय खाऊ घालावे आणि कोणत्या गोष्टींवर पैसे घालवू नयेत, हे पायरीपायरीने मांडले आहे. औषधाचा निर्णय मात्र बालरोगतज्ज्ञांचाच राहील.

ड जीवनसत्त्व नेमके काय करते

ड जीवनसत्त्वाचे मुख्य काम आतड्यात आहे. अन्नातील कॅल्शियम आणि फॉस्फरस रक्तात शोषून घेण्यास ते मदत करते. त्वचेत किंवा औषधातून मिळालेले हे जीवनसत्त्व आधी यकृतात आणि नंतर मूत्रपिंडात बदलून कामाच्या रूपात येते. ते फार कमी पडले तर वाढत्या हाडाच्या टोकांशी असलेल्या कूर्चेत खनिज नीट भरत नाही, हाड मऊ राहते आणि मुडदूस होतो. मात्र ताटात कॅल्शियमच नसेल तर जीवनसत्त्व कितीही दिले तरी शोषायला काही नसते, आणि केवळ कॅल्शियमच्या अभावानेही मुडदूस होतो. आपल्याकडे पुष्कळ मुलांत दोन्ही उणिवा एकत्र असतात.

आता फ्रॅक्चरविषयी. मंगोलियाच्या उलानबातर शहरात ६ ते १३ वर्षे वयाच्या ८,८५१ शाळकरी मुलांवर मोठी चाचणी झाली. त्यातील ९५ टक्क्यांहून अधिक मुलांचे ड जीवनसत्त्वाचे प्रमाण सुरुवातीला कमी होते. निम्म्या मुलांना ३ वर्षे दर आठवड्याला १४,००० आययू (जीवनसत्त्वाची मात्रा मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक) ड जीवनसत्त्व दिले आणि उरलेल्यांना तसेच दिसणारे, पण औषध नसलेले कॅप्सूल दिले. औषध घेणाऱ्या मुलांच्या रक्तातील प्रमाण चांगले वाढले, परंतु फ्रॅक्चरचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच राहिले. म्हणजे मुडदूस टाळण्यासाठी आणि बरा करण्यासाठी ड जीवनसत्त्व अपरिहार्य असले, तरी अन्यथा निरोगी असलेल्या मुलाला ते दिल्याने हाड मोडण्याची शक्यता घटते, असे या चाचणीत दिसले नाही. पुडी फाडली म्हणजे हाडांची काळजी मिटली, या समजुतीपासून आधी सुटका करून घ्यावी.

पहिली पायरी : हे फ्रॅक्चर साधे आहे का, ते ठरवणे

मुलांत फ्रॅक्चर ही दुर्मीळ गोष्ट नाही. पाश्चात्य देशांतील पाहण्यांनुसार वयाच्या सोळा-अठरा वर्षांपर्यंत मुलग्यांपैकी सुमारे निम्म्यांना आणि मुलींपैकी सुमारे एक तृतीयांशांना एकदा तरी फ्रॅक्चर होते. सर्वाधिक मोडते ते मनगटाजवळचे हाड. त्यातही मुलींत ११-१२ आणि मुलग्यांत १३-१४ या वयांत फ्रॅक्चर वाढतात, कारण त्या काळात उंची भराभर वाढते आणि हाडात खनिज भरण्याचे काम काही महिने मागे पडते. सातवी-आठवीतला मुलगा मैदानावर हातावर पडला आणि मनगट मोडले, तर त्यात बहुतेक वेळा काही गूढ नसते.

तरीही डॉक्टरांकडे जाण्यापूर्वी एका कागदावर काही गोष्टी लिहून काढाव्यात, कारण प्लॅस्टरच्या गडबडीत त्या विचारल्या जात नाहीत आणि आठवतही नाहीत. आजवर कोणती हाडे, कोणत्या वयात मोडली? प्रत्येक वेळी मूल किती उंचीवरून आणि कशावर पडले? उभ्याने साध्या ठेचेने मांडीचे हाड मोडणे आणि झाडावरून पडून मनगट मोडणे, यांचे वजन सारखे नाही. मूल कोणती औषधे घेते? दमा, मूत्रपिंडाचे विकार किंवा सांधेदुखी यांसाठी पोटातून दीर्घकाळ घेतलेली स्टिरॉइड, तसेच फेनिटॉइन, फेनोबार्बिटोन यांसारखी फेफऱ्याची जुनी औषधे हाडांवर परिणाम करतात. दम्याच्या पंपातील नेहमीचा डोस ही वेगळी बाब आहे. या भीतीने पंप मनाने बंद करू नये. दीर्घकाळचे जुलाब, वजन न वाढणे, गव्हाने होणारा सिलियाक आजार, मूत्रपिंडाचा आजार, मूल चालत नसणे, आई-वडिलांपैकी कोणाची हाडे वारंवार मोडणे, डोळ्यांतील पांढऱ्या भागाला निळसर छटा असणे, यांपैकी काही असेल तर तेही लिहावे.

काही परिस्थितींत मात्र थांबू नये. वयाच्या १० वर्षांपर्यंत लांब हाडांची दोन किंवा अधिक फ्रॅक्चर, १९ वर्षांपर्यंत तीन किंवा अधिक, किंवा मोठा आघात न होता पाठीचा मणका दबणे, यांपैकी काही आढळले तर हाडांची सविस्तर तपासणी झालीच पाहिजे. पाठदुखीसोबत ताप, फिकटपणा किंवा अंगावर काळेनिळे डाग असतील, तर रक्ताच्या कर्करोगाची शक्यताही डॉक्टर तपासतात. अजून चालू न लागलेल्या बाळाचे हाड मोडले असेल, तर ‘खाटेवरून पडले असेल’ असे म्हणून विषय संपवता येत नाही. अशा वेळी डॉक्टर घरातील परिस्थितीविषयी जे प्रश्न विचारतात, त्यांचा राग मानू नये. ते बाळासाठीच असतात.

दुसरी पायरी : मुडदुसाची लक्षणे घरी पाहणे

लहान मुलाच्या मनगटाचे हाड रुंद झालेले दिसणे, छातीच्या फासळ्यांवर मण्यांच्या माळेसारखी गाठींची ओळ हाताला लागणे, टाळू उशिरापर्यंत न भरणे, दात उशिरा येणे, चालताना बदकासारखे डुलणे, जमिनीवरून उठताना मांडीवर हात टेकून उठणे, ही लक्षणे दिसली तर मुलाला दाखवावे. काही महिन्यांच्या बाळाला ताप नसताना आकडी आली, तर रक्तातील कॅल्शियम घसरलेले असू शकते. ही तातडीची अवस्था आहे.

पायांच्या बाकाविषयी थोडे सबुरीने घ्यावे. दोन वर्षांपर्यंत मुलांचे पाय बाहेरच्या बाजूला थोडे वाकलेले असतात, पुढे तीन ते पाच वर्षांच्या दरम्यान गुडघे एकमेकांना चिकटल्यासारखे दिसतात आणि सातव्या वर्षापर्यंत बहुतेकांचे पाय सरळ होतात. बाक एकाच पायाला असेल, वाढत असेल किंवा दोन वर्षांनंतरही पाय बाहेर वाकलेलेच असतील, तर तो नैसर्गिक समजू नये. रात्री पोटऱ्या दुखतात म्हणून रडणारे आणि सकाळी उड्या मारणारे मूलही बहुधा मुडदुसाचे नसते.

अंगणवाडी आणि सरकारी शाळांत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची वैद्यकीय पथके तपासणीसाठी येतात. त्यांच्या यादीत मुडदूस हा आजार आहे. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर किंवा इगतपुरी तालुक्यातल्या पालकांना शहरापर्यंतची खेप परवडत नसेल, तर आशाताईंकडे किंवा अंगणवाडीताईंकडे पथकाच्या भेटीची चौकशी करावी; तेथून पुढे पाठवणीची सोय असते.

तिसरी पायरी : तपासणी केव्हा, कोणती, आणि रिपोर्ट कसा वाचावा

सरसकट सर्व मुलांची ड जीवनसत्त्वाची तपासणी करू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेचे स्पष्ट मत आहे. वर सांगितलेली लक्षणे, जोखमीची औषधे, दीर्घ आजार किंवा वारंवार होणारी फ्रॅक्चर असतील तरच तपासणीला अर्थ आहे. प्रयोगशाळांच्या ‘संपूर्ण शरीर तपासणी’च्या स्वस्त पॅकेजमध्ये ही तपासणी हमखास असते आणि तिच्यामुळे सुदृढ मुलांवर उपचार सुरू होतात, माझ्या मते हा पैसा दूध-अंड्यांवर खर्च केलेला बरा.

तपासणी करायचीच असेल तर ती ‘२५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी’ या नावाची हवी. ‘१,२५-डायहायड्रॉक्सी’ ही वेगळी आणि महागडी तपासणी आहे. कमतरता असतानाही तिचा आकडा सामान्य किंवा वाढलेला येऊ शकतो, म्हणून या कामासाठी ती निरुपयोगी आहे. रिपोर्ट हाती आला की आधी एकक पाहावे. ‘नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर’मधील १ म्हणजे ‘नॅनोमोल प्रति लिटर’मधील २.५. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांनुसार १२ नॅनोग्रॅमपेक्षा कमी म्हणजे कमतरता, १२ ते २० म्हणजे अपुरे आणि २० च्या वर म्हणजे पुरेसे. अनेक प्रयोगशाळांच्या छापील तक्त्यात मात्र ३० पर्यंतचा आकडा ‘अपुरा’ म्हणून ठळक केलेला असतो. त्यामुळे २४ आकडा असलेल्या मुलाच्या रिपोर्टवर ठसठशीत खूण दिसते आणि पालक घाबरतात, वास्तविक त्या मुलाच्या हाडांसाठी हे प्रमाण पुरेसे असते.

एकट्या या आकड्यावरून मुडदूस ठरत नाही. त्यासाठी कॅल्शियम, फॉस्फरस, अल्कलाइन फॉस्फटेज आणि गरजेनुसार पॅराथायरॉइड हार्मोन यांच्या तपासण्या, तसेच मनगटाचा किंवा गुडघ्याचा एक्स-रे लागतो. मुडदुसात अल्कलाइन फॉस्फटेज वाढते आणि एक्स-रेमध्ये हाडाचे टोक पसरट, वाटीसारखे खोलगट आणि विसविशीत दिसते. फ्रॅक्चरसाठी काढलेल्या मनगटाच्या एक्स-रेमध्येच हे बदल दिसू शकतात, म्हणून ती फिल्म बालरोगतज्ज्ञांना आवर्जून दाखवावी. वेगळा खर्च वाचतो.

उपचाराने अपेक्षित सुधारणा होत नसेल, किंवा फॉस्फरस सतत कमी राहत असेल, तर आनुवंशिक किंवा मूत्रपिंडाशी संबंधित मुडदूस असू शकतो. त्याची औषधे वेगळी असतात आणि नेहमीचे ड जीवनसत्त्व वाढवत राहिल्याने तो बरा होत नाही.

चौथी पायरी : डोस मोजणे

सर्वाधिक चुका याच पायरीवर होतात, म्हणून येथे सविस्तर लिहितो.

आईच्या दुधात ड जीवनसत्त्व फार कमी असते. त्यामुळे जन्मापासून वर्षभर बाळाला रोज ४०० आययू देण्याची शिफारस आहे. बाळ गुटगुटीत असले आणि अंगावरचे दूध भरपूर असले तरीही. एक वर्षानंतरची रोजची गरज साधारण ४०० ते ६०० आययू धरली जाते. ४० आययू म्हणजे १ मायक्रोग्रॅम, हे लक्षात ठेवले की डब्यांवरील दोन्ही प्रकारचे आकडे वाचता येतात.

आता थेंबांची बाटली हातात घ्या आणि खोक्यावरची लहान अक्षरे वाचा. बाजारात काही बाटल्यांत १ मिलिलिटरमध्ये ४०० आययू असते, तर काहींत ८०० आययू. पहिली बाटली संपली, दुकानात दुसऱ्या कंपनीची मिळाली आणि घरात ‘रोज एक मिली’ तसेच चालू राहिले, तर बाळाला नकळत दुप्पट मात्रा जाऊ लागते. जुन्या बाटलीचा ड्रॉपर नव्या बाटलीत वापरणे ही दुसरी चूक, कारण दोन्ही ड्रॉपरवरच्या रेषा सारख्या असतीलच असे नाही. बाटली बदलली की चिठ्ठीवर ‘किती मिली’ याऐवजी ‘किती आययू’ लिहून घ्यावे आणि त्यावरून मिली काढावे.

कमतरता किंवा मुडदूस सिद्ध झाल्यावर संघटनेच्या सूचनेप्रमाणे एक वर्षाखालील बाळाला रोज २,००० आययू आणि त्याहून मोठ्या मुलाला रोज ३,००० आययू, असे १२ आठवडे देतात आणि सोबत कॅल्शियमही देतात. हे आकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीशी ताडून पाहण्यासाठी आहेत, स्वतः औषध सुरू करण्यासाठी नाहीत. लठ्ठ मुलांना, तसेच फेफऱ्याची जुनी औषधे किंवा स्टिरॉइड घेणाऱ्या मुलांना यापेक्षा अधिक मात्रा लागते.

साठ हजार आययूची पुडी किंवा छोटी बाटली ही रोजची वस्तू नव्हे. रोज औषध देणे शक्य नसलेल्या, सहा महिन्यांवरील मुलांसाठी ठरावीक अंतराने मोजक्या मात्रा देण्याचा तो पर्याय आहे. ‘आठवड्यातून एक’ असे सांगितलेली बाटली आजी-आजोबांनी चवीला गोड म्हणून रोज पाजली, तर पंधरवड्यात नऊ लाख आययू पोटात जातात. भूक मंदावणे, उलट्या, बद्धकोष्ठता, सतत तहान, वारंवार लघवी, मूल मलूल होणे ही विषबाधेची लक्षणे आहेत. रक्तातील कॅल्शियम वाढून मूत्रपिंडाला इजा होते. अशा बाटल्यांवर वार आणि तारीख पेनने लिहून त्या घरात एकाच व्यक्तीच्या ताब्यात ठेवाव्यात. तीन किंवा सहा लाखांचे एकदाच द्यायचे इंजेक्शन आता मुलांसाठी सुचवले जात नाही. कोणी सुचवल्यास दुसऱ्या डॉक्टरांचे मत घ्यावे.

पाचवी पायरी : नाशिकचे ऊन

बाळाला तेल लावून, आंघोळ घालून सकाळच्या कोवळ्या उन्हात घेऊन बसण्याची आपली रीत आहे. ती प्रेमाची आहे, उबेची आहे, परंतु तिच्यातून ड जीवनसत्त्व फारसे मिळत नाही. त्वचेत ते तयार करणारे अतिनील ब किरण सूर्य खाली असताना वातावरणातच बरेचसे शोषले जातात. बंद काचेतूनही ते आत येत नाहीत, त्यामुळे फ्लॅटच्या बंद खिडकीपाशी आलेले ऊन या कामी व्यर्थ आहे.

घड्याळापेक्षा सावली पाहणे सोपे. उन्हात उभ्या असलेल्या मुलाची सावली त्याच्या उंचीपेक्षा आखूड असेल, तर ते ऊन उपयोगाचे. नाशिक २० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि येथे सूर्य डोक्यावर येतो तो बाराला नव्हे, साधारण साडेबाराला. मे महिन्यात सकाळी साडेनऊच्या सुमारासच सावली उंचीपेक्षा आखूड होते. मार्च आणि सप्टेंबरच्या अखेरीस दहाच्या आसपास. डिसेंबरच्या उत्तरार्धात मात्र पावणेबारा ते सव्वा एवढाच वेळ सावली उंचीपेक्षा किंचित आखूड राहते. म्हणजे थंडीत सकाळी आठ वाजता गच्चीवर तासभर बसवूनही जे मिळणार नाही, ते दुपारच्या सुटीत शाळेच्या पटांगणावर थोड्या वेळात मिळते. जून ते सप्टेंबर या ढगाळ महिन्यांत उन्हाचा भरवसा धरू नये.

चेहरा, हात आणि पाय उघडे ठेवून आठवड्यातील बहुतेक दिवस वीस-तीस मिनिटे खेळ व्हावा, एवढे शाळकरी मुलांसाठी पुरेसे उद्दिष्ट आहे. सावळ्या त्वचेला अधिक वेळ लागतो. एप्रिल-मेमध्ये साडेनऊ-दहाला आटोपते घ्यावे, पाणी पाजावे आणि दुपारच्या कडाक्यात पाठवू नये. तान्ह्या बाळाला कडक उन्हात ठेवू नये. त्याचे काम थेंबांनी भागते.

खरी अडचण वेळापत्रकाची आहे. सकाळची शाळा, दुपारी जेवण, तीनपासून कॉलेज रोड किंवा गंगापूर रोडवरचे क्लास, मग अंधार. अशा मुलाचे आठवड्याचे ऊन शोधायचे तर ते शाळेतच सापडते, म्हणून पालकसभेत एकच मागणी करावी : खेळाचा तास मधल्या सुटीला जोडून घ्या आणि तो परीक्षेच्या नावाखाली कापू नका.

सहावी पायरी : ताटातील कॅल्शियम

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार रोज १ ते ३ वर्षांच्या मुलाला ५०० मिलिग्रॅम, ४ ते ६ वर्षांच्या मुलाला ५५०, ७ ते ९ वर्षांसाठी ६५०, १० ते १२ साठी ८५० आणि १३ ते १५ साठी १,००० मिलिग्रॅम कॅल्शियम लागते. रोज ३०० मिलिग्रॅमच्या खाली गेले तर ड जीवनसत्त्व बरे असूनही मुडदुसाचा धोका वाढतो. चहा-बिस्किटावर सकाळ, खिचडीवर दुपार आणि वरण-भातावर रात्र काढणारे मूल या आकड्याच्या खाली सहज जाते.

या बाबतीत नाशिक जिल्हा भाग्यवान म्हणावा लागेल, कारण पश्चिमेकडील डोंगराळ तालुक्यांत नागली पिकते. १०० ग्रॅम नागलीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गव्हाच्या कितीतरी पट. शहरात मात्र तिची आठवण पापडापुरती राहिली आहे. नागली रात्रभर भिजवावी, फडक्यात घट्ट बांधून मोड आणावेत, सावलीत खडखडीत वाळवावी, हलकी भाजून दळून आणावी. मोड आल्याने फायटिक आम्ल घटते आणि कॅल्शियम शोषण्यास सोपे होते. पीठ फार बारीक चाळू नये आणि दूध काढून केलेल्या सत्त्वावरच भिस्त ठेवू नये, कारण दाण्याच्या सालीत कॅल्शियम अधिक असते आणि ते चोथ्याबरोबर जाते. अगदी लहान बाळासाठी चाळलेले चालेल. आंबील, भाकरी, दुधातली लापशी, गुळाचे लाडू, मुलाला रुचेल ते करावे. भाकरी तडकते म्हणून कंटाळा येत असेल तर उकड काढून करावी किंवा ज्वारीचे पीठ मिसळावे.

आठ वर्षांच्या मुलाचा एक दिवस मोजून पाहू. दूध आणि दही मिळून ३०० मिलिलिटर, म्हणजे साधारण ३५० मिलिग्रॅम. चाळीस ग्रॅम पिठाची एक नागलीची भाकरी, म्हणजे १४०. दोन लहान चमचे तिळाची चटणी, म्हणजे शंभरच्या वर, जरी तिळातले सगळे शोषले जात नाही. वर मेथी, शेवग्याचा पाला किंवा राजगिऱ्याची भाजी आणि डाळ. ६५० चा आकडा गोळ्यांविना गाठला जातो. पालक चांगली भाजी असली तरी तिच्यातील ऑक्झॅलेटमुळे कॅल्शियम फारसे शोषले जात नाही, म्हणून या हिशेबात ती धरू नये. मांसाहारी घरात काट्यासकट खाल्ली जाणारी सुकट उपयोगी आहे.

दुधाचा अतिरेकही नको. दोन वर्षांचे मूल दिवसभर बाटलीने लिटरभर दूध पीत असेल, तर त्याचे जेवण बुडते आणि लोह कमी पडून पंडुरोग होतो. अर्धा लिटर पुरे.

अन्नातून ड जीवनसत्त्व मात्र फार थोडे मिळते. अंड्याच्या पिवळ्या बलकात थोडे, चरबीयुक्त समुद्री माशांत बरे, आणि बाकी ज्या दुधात व तेलात ते मिसळलेले असते त्यांतून. पिशवीवर निळे ‘+एफ’ चिन्ह असेल तर त्या दुधात लिटरमागे साधारण २०० ते ३०० आययू असते. गवळ्याकडच्या सुट्या दुधात ते मिसळलेले नसते. ते दूध कॅल्शियमसाठी तितकेच चांगले, एवढाच त्याचा अर्थ.

सातवी पायरी : हाडांना काम देणे

हाड वापरल्याने घट्ट होते. तारुण्यात प्रवेश करतानाच्या वाढीच्या ऐन दोन वर्षांत प्रौढपणीच्या हाडातील खनिजांपैकी सुमारे चौथा हिस्सा साठतो, आणि त्याच वर्षांत आपल्याकडे मुलांचे खेळ बंद होतात, मुलींचे तर आधीच. जागतिक आरोग्य संघटना रोज सरासरी ६० मिनिटांचा दमवणारा व्यायाम आणि आठवड्यातून किमान ३ दिवस हाडे-स्नायू बळकट करणारे खेळ सुचवते. दोरीवरच्या उड्या, लंगडी, खो-खो, कबड्डी, फुटबॉल, बास्केटबॉल, लेझीम यांत पाय जमिनीवर आपटतात, दिशा झटकन बदलते आणि हाडावर ताण पडतो. पोहणे आणि सायकल हृदयासाठी उत्तम, परंतु हाडांसाठी एकटे पुरेसे नाही. जलतरण तलावाची फी भरली म्हणून खो-खो सोडवू नये. गोल्फ क्लब मैदानावर क्रिकेट शिकायला जाणाऱ्या मुलाने रांगेत उभे राहून बारा चेंडू खेळले, तर तेवढ्याला व्यायाम म्हणता येत नाही. तेथे धावणे किती होते ते एकदा स्वतः उभे राहून पाहावे.

खेळ वाढला की पडणेही वाढेल. त्याला घाबरून मुलाला घरात बसवणे हा तोट्याचा सौदा आहे. जे पडणे टाळता येते ते टाळावे : दुचाकीवर पुढे उभे करणे, जाळी नसलेल्या खिडक्या, आणि संक्रांतीच्या आठवड्यात कठडा नसलेल्या गच्च्या. येवल्यापासून नाशिकपर्यंत पतंगाचे वेड सारखेच आहे. पतंग मैदानात उडवावा, गच्चीवर उडवायचाच असेल तर कठडा मुलाच्या छातीपर्यंत हवा आणि एक मोठे माणूस आकाशाकडे न पाहता मुलांकडे पाहणारे हवे.

डेक्सा तपासणीविषयी थोडेसे

हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी पहिल्या साध्या फ्रॅक्चरनंतर करू नये. वारंवार फ्रॅक्चर, दीर्घकाळ स्टिरॉइड किंवा हाडांचा आजार असेल तरच ती डॉक्टर सांगतात. मुलांत ती कमरेचे मणके आणि डोके वगळून संपूर्ण शरीर, अशी करावी लागते, आणि निकाल ‘झेड’ स्कोअरमध्ये, म्हणजे त्याच वयाच्या आणि लिंगाच्या मुलांशी तुलना करून वाचायचा असतो. ‘टी’ स्कोअर तरुण प्रौढांशी तुलना करतो. मुलाच्या रिपोर्टवर तो छापून आला तर त्याकडे दुर्लक्ष करावे. उंचीने लहान मुलाची घनता मुळातच कमी दिसते, म्हणून उंचीचा हिशेब धरला आहे का, हेही विचारावे. केवळ उणे दोनखालचा स्कोअर म्हणजे ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडे ठिसूळ होण्याचा आजार, नव्हे. मणका दबलेला नसेल तर त्या निदानासाठी पहिल्या पायरीत सांगितलेल्या संख्येने फ्रॅक्चरही व्हावी लागतात.

हाड मोडलेच तर

मोडलेला भाग आहे त्या स्थितीत पुठ्ठ्याच्या किंवा घडी केलेल्या वर्तमानपत्राच्या आधाराने सैलसर बांधावा, ओढून सरळ करू नये, चोळू नये. हाडवैद्याकडे घट्ट कामट्या बांधून घेणे मुलांच्या हातासाठी धोक्याचे आहे. विशेषतः कोपराच्या वरचे हाड मोडले असेल, तर सुजेमुळे रक्तपुरवठा तुटून हात कायमचा आखडू शकतो. प्लॅस्टर घातल्यावरही पहिले दोन दिवस बोटे तपासावीत : ती फिकी किंवा निळसर पडली, थंड झाली, बधिर झाली, किंवा बोटे सरळ करताना मूल किंचाळू लागले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

प्लॅस्टरच्या काळात हात गळ्यात असला तरी मुलाने चालावे, शाळेत जावे, बोटे हलवत राहावे. प्लॅस्टर निघाले म्हणजे हाड पूर्वीइतके बळकट झाले असे नाही; पुढचे काही महिने त्याच जागी पुन्हा मोडण्याची शक्यता असते, त्यामुळे कबड्डी, फुटबॉल, स्केटिंग यांकडे परतण्याची तारीख अस्थिरोगतज्ज्ञांकडून चिठ्ठीवर लिहून घ्यावी आणि ती चिठ्ठी क्रीडाशिक्षकांना द्यावी. ड जीवनसत्त्वाचा उपचार सुरू असेल तर १२ आठवडे पूर्ण झाल्यावर मुलाला पुन्हा दाखवावे. मुडदूस असल्यास एक्स-रे आणि अल्कलाइन फॉस्फटेज पुन्हा पाहतात आणि सुधारणा दिसल्यावर मोठी मात्रा थांबवून रोजच्या ४००-६०० आययूवर आणतात.